'ऑल ऑफ अस स्ट्रेंजर्स' : हा शेवट सांत्वनाचा आहे की निष्ठुरपणाचा?

पैलतीर

सूचना : या धाग्यात चित्रपटाचा शेवट उघड केला आहे. ज्यांना चित्रपट अजून पाहायचा आहे त्यांनी इथूनच मागे फिरावे.

अँड्र्यू हेग यांचा 'ऑल ऑफ अस स्ट्रेंजर्स' (2023) मी एकट्याने पाहिला आणि श्रेयनामावली संपल्यावरही बराच वेळ जागचा हललो नाही. चित्रपट पाहून रडणे मला नवे नाही. विम्याच्या जाहिराती पाहूनही डोळे पुसणाऱ्यांपैकी मी आहे. या वेळी मात्र आपण नक्की कोणासाठी रडत आहोत, हेच उमगत नव्हते.

ज्यांना कथेची उजळणी हवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : अ‍ॅडम (अँड्र्यू स्कॉट) हा चाळिशीतला समलैंगिक पटकथालेखक लंडनमधल्या एका नव्याकोऱ्या, जवळजवळ रिकाम्या उंच इमारतीत राहतो. तो बारा वर्षांचा होण्याआधीच त्याचे आईवडील मोटार अपघातात गेले आहेत. त्यांच्याविषयी लिहायला तो बसतो, लिखाण पुढे सरकत नाही म्हणून आगगाडीने आपल्या बालपणीच्या उपनगरात जातो, आणि तिथे त्याला आईवडील भेटतात. अपघाताच्या वेळी होते त्याच वयाचे, म्हणजे आता त्याच्याहून लहान. इकडे इमारतीतला एकुलता एक शेजारी हॅरी (पॉल मेस्कल) एका रात्री व्हिस्कीची बाटली घेऊन, झोकांड्या खात अ‍ॅडमच्या दारात उभा राहतो आणि आत येऊ का, असे विचारतो. अ‍ॅडम सौजन्याने नकार देऊन दार लावून घेतो. पुढे दोघांचे सूत जुळते. अखेरीस कळते, की हॅरी त्या पहिल्याच रात्री आपल्या घरात एकटा मरून पडला होता. ज्याच्यावर अ‍ॅडमने जीव लावला तोही आईवडिलांसारखाच या जगात नव्हता.

शेवटी अ‍ॅडम त्या मेलेल्या, घाबरलेल्या हॅरीला कुशीत घेतो, आणि दोघे अंधारात लहान होत होत एक तारा होऊन जातात. माझ्या मते हा निष्ठुरपणा आहे. आयुष्यभर ज्याला कोणी नव्हते त्याला दिग्दर्शकाने एक माणूस दिला आणि तोही काढून घेतला. असे असूनही चित्रपट संपल्यावर मला चमत्कारिक हलके वाटले. तुम्हाला हा शेवट कसा वाटला? आणि ज्यांना चित्रपट भिडला त्यांना तो कुठे भिडला?

चौकस

निष्ठुरपणाचा आरोप करण्याआधी मूळ कथा पाहायला हवी. ताइची यामादा यांची जपानी कादंबरी 1987 सालची. नोबुहिको ओबायाशी यांनी 1988 मध्ये तिच्यावर जपानीत चित्रपटही केला होता. कादंबरीचा नायक घटस्फोटित पुरुष आहे, त्याचे आईवडील त्याला तोक्योच्या असाकुसा भागात भेटतात आणि इमारतीतली शेजारी ही एक स्त्री आहे. तिथे मृतांच्या सहवासाची किंमत मोजावी लागते : नायक दिवसेंदिवस खंगत जातो आणि ते भोवतालच्यांना दिसू लागते. ती सरळसरळ भुताची गोष्ट आहे. हेग यांनी तिच्यातली भीती जवळजवळ सगळी काढून टाकली, पण त्या रात्रीचे नाकारलेले दार मात्र जसेच्या तसे ठेवले. मूळ कथेशी तुलना करता हा शेवट कितीतरी मवाळ आहे.

यामादा नोव्हेंबर 2023 मध्ये वारले. त्याआधी ऑगस्टअखेरीस टेल्युराइडच्या महोत्सवात हा चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला होता.

तिरकस

भली मोठी रिकामी इमारत, तिच्यात एकच शेजारी, तोही देखणा, आणि तोही आपणहून दार वाजवणारा. हा जिवंत माणूस नाही, हे आपल्याला पहिल्या पाच मिनिटांतच कळायला हवे होते. खऱ्या आयुष्यातला शेजारी दार वाजवतो तो वरून पाणी गळते आहे हे सांगायला.

मुक्तछंदी

तिरकस यांच्या प्रतिसादावर हसून घेतले, आता थोडे मनातले लिहिते.

मी समलैंगिक नाही, त्यामुळे या चित्रपटातला एक मोठा भाग मला बाहेरूनच पाहावा लागला. परंतु माझी आई मी शाळेत असताना गेली आणि आज मी तिच्या त्या वेळच्या वयापेक्षा मोठी आहे. हे वय ओलांडताना काय होते, हे फारसे कोणी सांगत नाही. आई आपल्याला मोठी वाटेनाशी होते. तिच्या चुका धाकट्या बहिणीच्या चुकांसारख्या दिसू लागतात. तिच्यावरचा राग चालू ठेवणे अवघड होऊन बसते आणि तिला माफ करणे त्याहून अवघड, कारण माफ करायला समोर कोणी नसते. अ‍ॅडम आपल्या तरुण आईवडिलांकडे ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेत हे सगळे मला दिसले.

मला सर्वांत अधिक लागलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. अ‍ॅडम आईला सांगतो, की तो समलैंगिक आहे. आईवडील जर त्याच्या कल्पनेतून आलेले असतील, तर ही आई त्याला हवी तशी वागायला काय हरकत होती? ती उठून त्याला जवळ घेऊ शकली असती. प्रत्यक्षात ती दचकते, अवघडते, लग्नाचे आणि मुलाबाळांचे काय म्हणून विचारते, त्या भयंकर आजाराची भीती बोलून दाखवते आणि हे आयुष्य फार एकटेपणाचे असते असे म्हणतात ना, असे विचारते. ती 1987 मधली बाई आहे आणि 1987 मधल्या बाईला जेवढे ठाऊक होते तेवढेच तिला ठाऊक आहे. अ‍ॅडमच्या मनाने तिला सुधारून घेतले नाही. मला वाटते, गेलेल्या माणसावर खरे प्रेम असले की मन असेच करते. मी मनातल्या मनात आईशी बोलते तेव्हा तीही मला अजूनही नको तिथे टोकते. ती गोड बोलू लागली तर ती माझी आई उरणार नाही.

मंदसप्तक

मुक्तछंदी, तुमचा प्रतिसाद वाचून ते दृश्य पुन्हा पाहिले. आईच्या भूमिकेतली क्लेअर फॉय चहाच्या टेबलापाशी हाताला काहीतरी काम शोधत राहते, आणि तिचा आवाज मात्र पाहुण्यांशी बोलावे तसा सभ्य राहतो. हा अभिनय फार अवघड आहे.

अवकाळी

मी या धाग्यावर थोडा बेसूर लावणार आहे, त्याबद्दल आधीच सांगून ठेवतो.

मी समलैंगिक आहे आणि हा चित्रपट मला आवडला नाही. तो उत्तम बनवलेला आहे, अँड्र्यू स्कॉट यांचे काम अप्रतिम आहे, हे सगळे मान्य. पण आपल्यासारख्यांच्या प्रेमकथेत शेवटी कोणीतरी मेलेच पाहिजे, हा नियम कोणी केला? 'ब्रोकबॅक माउंटन' (2005) मध्ये एक मरतो आणि दुसऱ्याच्या हाती एक सदरा उरतो. 'अ सिंगल मॅन' (2009) मध्ये जोडीदार सुरुवातीलाच गेलेला असतो. इथे तर कहर असा, की प्रेम सुरू होण्याआधीच प्रियकर मेला आहे. प्रेक्षक हुंदके देतात, टाळ्या वाजवतात, ब्रिटिश स्वतंत्र चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात पुरस्कार मिळतात, आणि घरी बसलेल्या एखाद्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पुन्हा तोच निरोप पोहोचतो, की बाबा रे, तुझ्या वाट्याला हेच आहे.

ई. एम. फॉर्स्टर यांनी 1913-14 मध्ये 'मॉरिस' ही कादंबरी लिहिली तेव्हा दोन पुरुषांच्या प्रेमाचा शेवट सुखाचाच करायचा, असा त्यांचा हट्ट होता. ती छापली गेली 1971 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. शंभर वर्षांपूर्वी एका भित्र्या गृहस्थाला जो हट्ट धरता आला, तो आजच्या दिग्दर्शकांना का धरता येत नाही?

आणि अ‍ॅडमची आई जे म्हणते, की हे आयुष्य एकटेपणाचे असते, त्यावर अ‍ॅडम म्हणतो, की आता तसे कोणी म्हणत नाही. मग पुढचा सगळा चित्रपट आईचेच म्हणणे खरे ठरवतो! धागाकर्त्यांना निष्ठुरपणा शेवटात दिसला. मला तो इथे दिसतो.

पैलतीर

अवकाळी, तुमचा मुद्दा मनाला लागला. मी चित्रपट पाहताना असा विचारच केला नव्हता, कारण तो पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मी कधी नव्हतो. यावर इतरांचेही म्हणणे वाचायला आवडेल.

चौकस

अवकाळी यांनी दिलेली यादी बरोबर आहे, पण हेग यांना त्या यादीत ढकलणे थोडे अन्यायाचे वाटते. त्यांच्या 'वीकेंड' (2011) या चित्रपटात दोन पुरुष शुक्रवारी रात्री भेटतात, रविवारी निरोप घेतात, आणि कोणीही मरत नाही. उलट '45 इयर्स' (2015) मध्ये पतिपत्नींचे रीतसर, पंचेचाळीस वर्षांचे लग्न आहे, आणि स्वित्झर्लंडच्या बर्फात सापडलेल्या एका जुन्या प्रेयसीच्या देहाची बातमी येऊन ते आतून पोखरले जाते. मेलेली माणसे जिवंतांच्या घरात मुक्काम करतात, हा या दिग्दर्शकाचा जुनाच विषय आहे. तो केवळ समलैंगिकांसाठी राखून ठेवलेला नाही.

ओलावा

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

शोकाविषयी दीर्घ काळ असे मानले जात असे, की गेलेल्या व्यक्तीत गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे म्हणजे शोक पूर्ण होणे. फ्रॉइड यांच्या 1917 च्या निबंधापासून हा विचार रुजला. 1996 मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने याच्या उलट बाजू मांडली : बहुतेक माणसे नाते तोडत नाहीत, त्याचे रूप बदलून ते चालू ठेवतात, आणि त्यात आजारी असे काही नसते. गेलेल्यांशी बोलणे, त्यांना बातम्या सांगणे, निर्णय घेताना त्यांचे मत काय असते याचा विचार करणे, हे सगळे त्यात येते. अ‍ॅडम नेमके हेच करतो, फक्त चित्रपट असल्यामुळे ते आपल्याला डोळ्यांनी दिसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा दुःखाविषयी लिहिले, ज्याला भोवतालचा समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही. नातेच मान्य नसेल तर त्या नात्याचा शोक कसा मान्य होणार? अवकाळी यांनी उल्लेख केलेल्या 'अ सिंगल मॅन'मध्ये नायकाला दूरध्वनीवरून जोडीदाराच्या मृत्यूची बातमी मिळते आणि अंत्यविधी फक्त कुटुंबीयांसाठी आहे असेही त्याला सांगण्यात येते. ज्या माणसाबरोबर सोळा वर्षे काढली त्याच्या कुटुंबात हा बसत नाही. मला वाटते, क्विअर चित्रपटांत मृत्यू वारंवार येतो त्यामागे केवळ दिग्दर्शकांची आवड नसावी. जे रडू उघड रडता आले नाही ते कुठेतरी साचलेले असावे.

तिरकस

ओलावा ताई, एक शंका. 2022 च्या डीएसएम-5-टीआर या मनोविकारांच्या अमेरिकी निदानसूचीत प्रौढांचा तीव्र शोक बारा महिन्यांनंतरही ओसरला नाही तर त्याला विकार म्हणण्याची सोय केली आहे, असे वाचले होते. अ‍ॅडमला तर तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्याला मुदतवाढ मिळेल का?

ओलावा

नुसता काळ लोटला म्हणून कोणी त्या व्याख्येत बसत नाही. रोजचे जगणे मोडून पडले आहे का, हेही पाहावे लागते. रिकाम्या इमारतीत, रिकाम्या शीतकपाटासमोर, दूरचित्रवाणीवरचे जुने कार्यक्रम पाहत बसलेल्या अ‍ॅडमकडे पाहून मी मात्र नक्की दोन-चार प्रश्न विचारले असते.

आडवाट

मी इथे फारसे लिहीत नाही. अवकाळी यांचा प्रतिसाद आणि त्यानंतर ओलावा यांचा प्रतिसाद वाचून लिहावेसे वाटले.

माझा जोडीदार आजारपणात गेला. रुग्णालयात मी 'मित्र' होतो, त्याच्या नातेवाइकांत मी 'त्याच्याबरोबर राहणारे' होतो, आणि तो गेल्यानंतर माझ्या कार्यालयात मी कोणीच नव्हतो. मित्र गेला म्हणून दोन दिवस वाईट वाटणे लोकांना समजते, त्यापुढे त्यांना आश्चर्य वाटू लागते. त्याच्या घरच्यांनी माझ्याशी कधी वाईट वर्तन केले नाही, हे मुद्दाम सांगतो. ते सौजन्यानेच वागले. त्याचे सामान न्यायला आले तेव्हा यातले तुमचे काय आहे ते बाजूला काढून ठेवा, असे त्यांनी मला सांगितले. एकत्र राहणाऱ्या दोन माणसांच्या घरात चमचे कोणाचे आणि चादरी कोणाच्या, हे कसे ठरवायचे, ते मला कळेना. शेवटी मी त्याचा चष्मा तेवढा ठेवून घेतला, आणि तो माझाच आहे असे त्यांना सांगितले. त्यांनाही ते खोटे आहे हे दिसत असणार, कारण मी चष्मा लावतच नाही. कोणी काही बोलले नाही.

हॅरी चित्रपटात आपल्या कुटुंबाविषयी सांगतो, ते आठवते का? त्याला कोणी हाकलून दिलेले नाही, भांडण झालेले नाही. भावंडांची लग्ने झाली, मुले झाली, आणि तो आपोआप कडेला सरकत गेला. तो हे तक्रारीच्या सुरात सांगतही नाही. हा एकटेपणा पडद्यावर मी पहिल्यांदा पाहिला. दरवाजे धाडकन बंद होणारे चित्रपट पुष्कळ आहेत. सगळे नीट वागत असतानाही आपण हळूहळू खोलीच्या बाहेर गेलेलो असतो, हे दाखवणारे फार थोडे.

म्हणून अवकाळी, तुमचे म्हणणे मला पटते आणि तरीही मला हा चित्रपट हवा होता. सुखाचा शेवट असलेले चित्रपट माझ्यासारख्याला पुढचे काहीच सांगत नाहीत. आमचा सुखाचा शेवट होऊन गेला होता; त्यानंतर काय करायचे, हा माझा प्रश्न होता.

मुक्तछंदी

आडवाट, यावर काही लिहिण्यासारखे माझ्याजवळ नाही. वाचले, एवढे मात्र तुम्हाला कळवावेसे वाटले.

अवकाळी

आडवाट, तुमच्या प्रतिसादानंतर वाद घालण्याची इच्छा उरली नाही. माझा मुद्दा मी मागे घेत नाही, पण तुमचा मुद्दा त्याच्या शेजारी ठेवतो.

मंदसप्तक

थोडे चित्रपटाच्या घडणीविषयी. जेमी रॅमसे यांनी हा चित्रपट 35 मिमी फिल्मवर चित्रित केला आहे, आणि काचेचा एवढा वापर अलीकडे मी पाहिलेला नाही. लिफ्टमधले आरसे, आगगाडीची खिडकी, त्या उंच घराची भिंतभर तावदाने. अ‍ॅडम जिथे जातो तिथे त्याला स्वतःच दिसतो. याउलट आईवडिलांच्या घरात सगळे मऊ, पिवळसर, दाटीवाटीचे आहे. ते घर खोटे नाही, हे समजल्यावर मी थक्क झालो : हेग स्वतः लहानपणी ज्या घरात राहिले, क्रॉयडन परिसरातले तेच घर त्यांनी चित्रीकरणासाठी वापरले. आपल्या जुन्या खोलीत कॅमेरा लावून दुसऱ्या कोणाच्या आईवडिलांना जिवंत करायचे, ही कल्पनाच अंगावर येते.

गाण्यांचेही तसेच. ख्रिसमसचे झाड सजवताना पेट शॉप बॉइजचे 'ऑलवेज ऑन माय माइंड' लागते. 1987 च्या ख्रिसमसला ब्रिटनमध्ये तेच गाणे पहिल्या क्रमांकावर होते. आई रेकॉर्डबरोबर गुणगुणू लागते आणि मग अ‍ॅडमकडे पाहत त्या ओळी म्हणते. आजवर प्रेमभंगाचे गाणे म्हणून आपण जे ऐकत आलो ते एका आईने मुलाकडे मागितलेली माफी होऊन जाते, आणि दिग्दर्शकाने एक शब्दही बदललेला नसतो. हॅरी पहिल्या रात्री दाराशी पिशाच्चे आल्याचे जे बरळतो, तेही 'द पॉवर ऑफ लव्ह' या 1984 च्या गाण्यातले आहे, आणि शेवटी तेच गाणे वाजते.

कोरी_पाटी

1987 हेच वर्ष का, याविषयी कोणी सांगू शकेल का? कादंबरी त्या वर्षीची आहे म्हणून की आणखी काही कारण आहे?

चौकस

कादंबरीच्या प्रकाशनवर्षाशी जुळणे हा योगायोगही असेल, पण ब्रिटनमधल्या समलैंगिक मुलासाठी ते वर्ष फार वाईट होते. एड्सविषयीची सरकारी पत्रके 1987 मध्ये घरोघरी वाटली गेली आणि दूरचित्रवाणीवर त्या मोहिमेची थडग्याच्या दगडाची जाहिरात लागत असे. अ‍ॅडमच्या आईची भीती तिथून आलेली आहे. पुढच्याच वर्षी, मे 1988 मध्ये, कुप्रसिद्ध कलम 28 लागू झाले. समलैंगिकतेचा 'प्रसार' करण्यास स्थानिक संस्थांना त्याने बंदी केली, आणि समलैंगिक नाते हे एक बनावट कौटुंबिक नाते होय, अशी भाषा थेट कायद्यात आली. शाळेत एखाद्या मुलाला चिडवले जात असेल तर त्याच्याशी त्याविषयी बोलायलाही शिक्षक कचरू लागले. हे कलम स्कॉटलंडमध्ये 2000 मध्ये आणि इंग्लंड-वेल्समध्ये 2003 मध्ये रद्द झाले. हेग यांचा जन्म 1973 चा. म्हणजे ते ऐन पौगंडावस्थेत असताना हे कलम आले. अ‍ॅडमचे आईवडील ते कलम येण्याआधीच गेले, त्यामुळे मुलाच्या पुढ्यात काय वाढून ठेवले आहे, याची त्यांना कल्पनाही नव्हती.

तिरकस

प्रेमकथेच्या धाग्यावर कलमे आणि उपकलमे पाहून बरे वाटले. आता हा धागा खऱ्या अर्थाने आपला झाला.

कोरी_पाटी

चौकस, मनापासून आभार. शोक आणि समलैंगिक प्रेम एकत्र पाहायचे असेल तर रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'चाही उल्लेख इथे व्हायला हवा. 2025 च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार त्याला मिळाला. तिथे वडिलांच्या मृत्यूनंतरच्या दिवसांत दोन पुरुष जवळ येतात आणि कोणालाही भूत व्हावे लागत नाही. अवकाळी यांनी तो पाहावा.

अवकाळी

पाहिला आहे, आणि त्यावर मला स्वतंत्र धागा काढायचा आहे. इथे सुरू केले तर पैलतीर यांचा प्रश्न बाजूला पडेल.

जुनी_छत्री

मी वयाने तुम्हा सर्वांपेक्षा बराच मोठा असेन. माझा मुलगा समलैंगिक आहे. त्याने आम्हाला सांगितले तेव्हा मी आरडाओरडा केला नाही. मी वर्तमानपत्र उचलले आणि वाचू लागलो. हा चित्रपट त्यानेच मला पाहायला सांगितला, आणि तो का सांगितला हे मला वडिलांच्या दृश्यापाशी समजले.

त्या दृश्यात वडील (जेमी बेल) सांगतात, की शाळेतून आल्यावर तू खोलीत रडायचास ते मला ऐकू यायचे. अ‍ॅडम विचारतो, मग तुम्ही आत का आला नाहीत? वडिलांजवळ धड उत्तर नाही. आपल्या मुलाला मुले का त्रास देतात, याचा त्यांना अंदाज होता आणि तो अंदाज त्यांना खरा ठरवायचा नव्हता, असे मला वाटते. दाराबाहेर उभे राहून रडणे ऐकणारा बाप दुष्ट नसतो, हे मी स्वतःच्या माहितीवरून सांगतो. आत गेलो तर काय बोलायचे, हे त्याला ठाऊक नसते, आणि तेवढ्या एका अडाणीपणापायी तो वर्षानुवर्षे बाहेरच उभा राहतो.

पैलतीर यांच्या प्रश्नाकडे मी इथून पाहतो. या चित्रपटात बंद दारे दोन आहेत. एक अ‍ॅडमच्या खोलीचे, ज्याच्या आत बाप गेला नाही. दुसरे अ‍ॅडमच्याच घराचे, ज्याच्या आत त्याने हॅरीला घेतले नाही. त्या रात्री अ‍ॅडमने जे केले ते कोणत्याही शहाण्या माणसाने केले असते. दारुड्या अनोळखी माणसाला मध्यरात्री घरात कोण घेतो? म्हणून त्याला दोष देता येत नाही, जसा त्याच्या बापालाही फारसा देता येत नाही. मात्र चित्रपटाच्या शेवटी अ‍ॅडम हॅरीच्या घराचे दार उघडून आत जातो. आतला दर्प, ते दृश्य, सगळे सोसून तो आतच थांबतो. आपल्याला कोणी पाहिले कसे नाही, म्हणून घाबरलेल्या त्या पोराला तो तिथून घेऊन येतो आणि एकटे सोडत नाही. त्याच्या बापाला जे जमले नाही ते त्याला जमले. मला तरी यात निष्ठुरपणा दिसला नाही.

आडवाट

जुनी_छत्री काका, तुमचा मुलगा भाग्यवान आहे, असे म्हणणार होतो; पण त्याने वर्तमानपत्राचा तो दिवसही काढला आहे, हे विसरून चालणार नाही. तुम्ही चित्रपट पाहून झाल्यावर त्याला काय म्हणालात?

जुनी_छत्री

मी दूरध्वनी केला आणि चित्रपट पाहिला एवढेच म्हणालो. कुठपर्यंत पाहिलात, असे त्याने विचारले. शेवटपर्यंत पाहिला, असे सांगितल्यावर तो म्हणाला, की आता तुम्ही बोला, मी ऐकतो. मग मी बराच वेळ बोललो. सगळे इथे लिहिण्यासारखे नाही.

ओलावा

काकांच्या वाचनात एक भर घालते. भोजनगृहात आईवडिलांचा निरोप घेताना आई विचारते, की आमचा मृत्यू चटकन झाला का, आणि अ‍ॅडम हो म्हणतो. वास्तविक आई काही काळ रुग्णालयात होती, हे आपल्याला आधीच कळलेले असते. तोवर आईवडील त्याची समजूत काढत होते. त्या क्षणापासून तो त्यांची काढू लागतो. हॅरीला कुशीत घेणारा अ‍ॅडम त्या टेबलावरून उठून आलेला आहे.

पैलतीर

काका आणि ओलावा, हलके वाटण्याचे कारण मला बहुधा इथे सापडते आहे. पूर्ण चित्रपटभर अ‍ॅडम घेणारा होता आणि शेवटी तो देणारा झाला. तरीही एक खुपते. देण्याजोगे माणूस त्याला मेलेलेच का मिळावे? आईवडिलांशी बोलून त्याचे मन मोकळे झाले, हे मान्य; पण त्या मोकळ्या मनाचा उपयोग एखाद्या जिवंत माणसाला झालेला मला दिसला नाही.

मंदसप्तक

चित्रपट तेवढे सांगतच नाही. ती दोघे ताऱ्यात विरून गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी अ‍ॅडम उठून बाहेर पडला, की तोही त्याच इमारतीत कधीचाच मरून पडलेला आहे, याविषयी तर्क लढवणारेही पुष्कळ आहेत. मला तो दुसरा तर्क पटत नाही. भोजनगृहात वडील त्याला सांगतात, की एवढे सगळे सोसूनही तू टिकून राहिलास, याचा अभिमान वाटतो. मेलेल्या माणसाला हे सांगण्यात काय हशील?

चौकस

मलाही तो तर्क ओढूनताणून आणलेला वाटतो. यामादांच्या कादंबरीत नायक शेवटी जिवंत राहतो.

अवकाळी

मग दिग्दर्शकाने अ‍ॅडमला सकाळी रस्त्यावर चालताना दाखवायचे होते. त्याला पाच सेकंदसुद्धा लागली नसती. तेवढी पाच सेकंदे मिळाली असती तर मी हा चित्रपट त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला निःशंकपणे दाखवला असता. आज मी त्याला आधी 'वीकेंड' दाखवीन आणि हा चित्रपट तो तिशीत गेल्यावर.

आडवाट

या क्रमाला माझी हरकत नाही. फक्त तिशीपर्यंत थांबू नका; दुःख काही तेवढा दम धरत नाही.

तिरकस

आणि ज्यांच्या इमारतीत एखादा शेजारी एकटा राहतो त्यांनी आज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून त्याचे दार वाजवावे. पाणी गळते आहे म्हणून सांगितले तरी चालेल.